शेवटच्या बाकावरचं पुस्तक

बिशप येणार म्हटल्यावर कुणाच्या पदरात काय पडणार, याचा अंदाज आमच्या मंडळीत ज्याने त्याने आधीच बांधून ठेवला होता. पाळकसाहेबांना गळक्या छपराचं रडगाणं ऐकवायला नवे कान मिळणार होते. गायकवृंदाला इस्त्रीचे झगे मिळणार होते. बाकीच्यांना जेवण. पण खरी कमाई होती मोठ्या बाईंची.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त झाल्यावर माणसाला बरंच काही मिळतं. निवांतपणा मिळतो, सांधेदुखी मिळते, न मागितलेले सल्ले मिळतात. आपण आत शिरलो की बाकांचा खडखडाट करत उठून उभी राहणारी माणसं मात्र मिळत नाहीत. बाईंना त्याची चुटपुट होती. त्या बोलून दाखवत नसत, पण कुठेही गेल्या की उंबऱ्यात क्षणभर थांबत. आता बिशप बाईंची योजना सगळ्या धर्मप्रांताला लागू करणार होते. ती शिकवायला बाई चर्चमागून चर्च फिरणार आणि जातील तिथे लोक उठून उभे राहणार. हा नफा काही थोडाथोडका नव्हे.

योजना ऐकायला साधी होती. धर्मप्रांताने एक ठराव केला होता की चर्चने शेजाऱ्याची काळजी घ्यावी आणि अन्यायापुढे गप्प बसू नये. असे ठराव लोक चौकटीत बसवून भिंतीला लावतात आणि पुढे त्यांच्यावरची धूळ पुसतात. बाईंनी तो वाचला. मग त्यांनी मंडळीतल्या प्रत्येकाला एकेक प्रार्थनापुस्तक ठरवून दिलं आणि प्रत्येक पुस्तकात त्याच्या त्याच्या नावाची फीत शिवून घेतली. रविवारी सकाळी ही पुस्तकं मुख्य दाराशी टेबलावर मांडलेली असत. येणाऱ्याने आपलं उचलायचं, जाताना परत ठेवायचं. पहिलं गीत संपल्यावर टेबलावर जी पुस्तकं उरतील, ती माणसं आलेली नाहीत. उपासना झाली की उरलेली पुस्तकं वाटून घ्यायची आणि दुपारच्या चहाच्या आत ज्याची त्याला घरी नेऊन द्यायची.

"दारात टाकून यायचं नाही," बाई सांगायच्या. "शेजारणीकडे द्यायचं नाही. हातात द्यायचं, आणि देताना हात धरायचा. ताप आहे का, थरथर आहे का, बाहीखाली वळ आहे का, हे माणूस बोलायच्या आधी हात सांगतो."

पहिल्यांदा आम्ही हसलो. रविवारी ताणून द्यायची सोय गेली म्हणून पुरुषमंडळी कुरकुरली. एका नवऱ्याने बायकोला दोन्ही पुस्तकं उचलायला सांगितलं, तर बाईंनी भर दारात विचारलं, "दोन तोंडांनी गाणार आहेस का गं?" पण त्या उरलेल्या पुस्तकांमागे जाता जाता काय काय हाती लागलं! धुलाईघरातली एक कामगार तापाने फणफणलेली सापडली. एका विधवेचं पाणी घरमालकाने तोडलं होतं, ते कळलं. एका मुलीला मालक रविवारची सुट्टी देत नव्हता. बाई तिचं पुस्तक घेऊन मालकाच्या ओसरीवर जाऊन बसल्या आणि त्याने हो म्हणेपर्यंत मोठ्याने स्तोत्रं वाचत राहिल्या. पुढच्या रविवारी ती मुलगी आली. मालकही आला, बहुधा आपल्या ओसरीच्या भीतीने.

तेव्हा योजना चांगलीच होती, यात वाद नाही. वाद असलाच तर ती सुचली कशी, यात होता. बिशपना बाईंनी लिहून कळवलं होतं की ठराव वाचून सुचली. आमचा अंदाज निराळा होता.

बाईंना एक थोरला भाऊ होता. तो शिंपी. चर्चचे सगळे झगे त्याच्याच हातचे. शाळेत शिकवणारी ती बाई आणि कपडे शिवणारा तो मास्तर, यावर गावाने पुष्कळ विनोद करून झाले होते. मास्तर चर्चमागच्या गल्लीत, न्हाव्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. बहीण-भावांत बोलणं नव्हतं. त्यांची आई शेवटच्या दुखण्यात मास्तरांकडे होती आणि रोज धाकटीला विचारायची. मास्तरांनी निरोप पाठवला, पुन्हा पाठवला. बाई तेव्हा दुसऱ्याच कुणा आजारी म्हातारीच्या उशाशी होत्या. त्या आल्या तेव्हा आईचे डोळे मिटून झाले होते. दफनाच्या वेळी, लोकांनी मूठमूठ माती टाकली त्यानंतर, मास्तर म्हणाले, "साऱ्या जगाची विचारपूस करतेस. माझ्या जिन्यावर करायला येऊ नकोस. दार उघडायचो नाही."

बाईंनीही कानाला खडा लावला. आमच्यात म्हणत, दोघांचं नाक सारखं, आणि वर धरायची पद्धतही सारखी.

त्यानंतर मास्तरांनी आपली जागा बदलली. शेवटच्या बाकावर, जाड खांबाच्या मागे, जिथून पुढच्या ओळीतली बहीण दिसू नये आणि तिला आपण दिसू नये. बाई मान वळवून वळवून थकल्या. आणि वर्ष उलटायच्या आत टेबलाची योजना निघाली. पहिल्या गीताला सगळी मंडळी पुस्तकात बघायची, तेव्हा बाई मागे वळून टेबलाकडे बघत. सगळ्या टेबलाकडे नाही, डाव्या कोपऱ्याकडे. मंडळीतल्या सगळ्या फितींवरची नावं मास्तरांनीच टाचली होती. स्वतःच्या फितीवर मात्र त्यांनी नाव घातलं नाही, टोकाला सदऱ्याचं एक पांढरं बटण लावून दिलं. ते बटणाचं पुस्तक कोपऱ्यात नसलं की बाईंचा आवाज दुसऱ्या कडव्याला वर चढायचा.

म्हणजे भावाच्या तब्येतीची खबर मिळावी आणि विचारावंही लागू नये, एवढ्यासाठी एका बाईने अख्ख्या मंडळीला कामाला लावलं होतं. त्यात धुलाईघरातली वाचली, ती वरकड.

आता यात नाना कुठून आले, ते सांगायला हवं. नाना चर्चची राखण करायचे. घंटा, झाडलोट, मेणबत्त्या, आणि रविवारी पुस्तकांची मांडामांड. मास्तरांचे गुडघे गेल्यापासून मुख्य दाराच्या पायऱ्या त्यांना झेपत नव्हत्या. बाजूचं छोटं दार सपाट होतं, तिथून ते गीत सुरू झाल्यावर हळूच आत यायचे. मग टेबलापर्यंत भर उपासनेत लंगडत जाणार कोण? नानांनी एक दिवस त्यांचं पुस्तक आधीच बाकावर नेऊन ठेवलं. पुढच्या रविवारीही ठेवलं. मग नेहमीचंच झालं. मागच्या बाकावरच्यांना ते दिसायचं आणि बरंही वाटायचं. दुखऱ्या गुडघ्यांवर एवढीशी माया केली तर कोण हरकत घेणार? बाईंना सांगावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. नियम मोडला की बाई चिडायच्या, आणि माया केली म्हणून कुणी ओरडा खायला जात नाही.

बिशप येण्याच्या आठवड्यात नाना झगे आणायला मास्तरांकडे गेले. न्हावी खाली दाराशीच होता. जिना लाकडी, आवाज करणारा, त्यामुळे वरचं बोलणं संपल्यावर नाना काय तोंडाने उतरले ते त्यानेच पाहिलं. बोलणं नानांनी पुढे स्वतःच सांगितलं.

मास्तर बिशपच्या झग्याची बाही उसवून पुन्हा घालत होते.

"हा माणूस मागच्या खेपेपेक्षा रुंद झालाय," ते म्हणाले. "धर्मप्रांत वाढतोय म्हणतात तो असा होय!"

"हळू बोला मास्तर, खाली न्हावी आहे."

"त्याला कळू दे. त्याच्याकडे केस कमी होतात, माझ्याकडे कापड जास्त लागतं, हिशेब जुळतो." दात लावून त्यांनी दोरा तोडला. मग सुई टाचण्यांच्या गादीत खुपसून म्हणाले, "नाना, या रविवारी मी येणार नाही."

"बिशप यायच्या दिवशी? बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीये? माझं पुस्तक टेबलावर राहू दे. बाकावर ठेवू नकोस."

नानांना समजायला जरा वेळ लागला.

"मग बाई येतील की हो इथे," ते म्हणाले. "उरलेलं पुस्तक दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाहीत त्या. बटणाचं तर नाहीच नाही."

"येऊ दे."

"दार उघडायचो नाही म्हणाला होतात."

"म्हणालो होतो ना. उघडणार नाहीच मी." मास्तर खाली मान घालून हसले. "नुसतं लोटून ठेवीन. आत यायचं की नाही ते तिचं ती बघेल. एवढी शाळा चालवली तिने, दार ढकलता येईल."

नाना झगे खांद्यावर टाकून निघाले. मास्तरांनी मागून हाक मारली. "अरे, ती अजून बिनसाखरेचाच घेते ना रे चहा?"

"मला काय ठाऊक? मला देतात तो तर गोड असतो."

"तुला पाहुणा समजते. घरच्यांना ती कडूच पाजते."

खिडकीशी दोन खुर्च्या होत्या. एकीवर नवी उशी होती, झग्याच्या उरलेल्या कापडाची. नानांनी ती पाहिली आणि न्हाव्याला ते उतरताना हसताना दिसले.

रविवारी नाना उजाडायच्या आत कामाला लागले. बिशपसाठी चटई पसरायची, फुलं लावायची, छपराच्या गळतीखालची बादली लपवायची. पाळकसाहेब म्हणत होते बादली दिसू दे, बाई म्हणत होत्या लपवा. या ओढाताणीत पुस्तकं मांडताना नानांच्या हाताने नेहमीचं केलं. बटणाचं पुस्तक उचललं, शेवटच्या बाकावर खांबामागे नेऊन ठेवलं आणि हात पुढच्या कामाला लागला. डोकं त्यात नव्हतंच.

पहिलं गीत सुरू झालं. बाईंनी मागे पाहिलं. डाव्या कोपऱ्यात काही नव्हतं. त्या दिवशी तर टेबलावर कुठेच काही नव्हतं. बिशपच्या जेवणाचा मान ठेवायला मंडळी झाडून हजर होती. आणि बाईंचा आवाज असा चढला की पेटीवाल्याने सूर बदलला.

प्रवचनाच्या वेळी नाना बाजूच्या दाराशी उभे होते. तेव्हा त्यांना शेवटचा बाक दिसला. पुस्तक होतं, माणूस नव्हता. फीत बाकावरून खाली लोंबत होती आणि बटण वाऱ्याने हलत होतं. उपासना संपायच्या आधी पुस्तक नेऊन टेबलावर ठेवायचं, एवढंच करायचं होतं. त्यांनी ते उचललंही. अंगरख्याखाली धरून ते मागच्या मागे मुख्य दाराकडे निघाले. पण बिशप तोवर वेदीवरून खाली उतरून बाईंना घेऊन टेबलाशी आले होते. सगळी मंडळी वळून बघत होती.

"हे बघा," बिशप म्हणाले, "रिकामं टेबल. आज या मंडळीत एकही माणूस विसरला गेलेला नाही. आपल्या धर्मप्रांतातलं प्रत्येक टेबल असंच रिकामं व्हावं."

आणि सगळे उठून उभे राहिले. बाकांचा खडखडाट झाला. बाई टेबलाच्या कडेला हात टेकून उभ्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना "बसा" म्हणता येईना.

अशा वेळी कोण पुढे होऊन त्या टेबलावर पुस्तक ठेवील? नानांनी ठेवलं नाही. त्यांनी विचार केला, बाईंना एवढं मिळू दे. जेवणाआधी कानात सांगू. जेवणाआधी बाईंभोवती गर्दी होती. मग जेवताना बिशपच्या शेजारी होत्या. मग सांगू म्हणता म्हणता नानांच्या हाती ताटं आली, आणि भांडी कुणासाठी थांबत नाहीत. मास्तर काही पळून जात नाहीत, त्यांना वाटलं. चिडतील, दोन शब्द सुनावतील.

ऊन तिरपं झालं तेव्हा भांडी संपली. बाई बिशपच्या गाडीला हात करून नुकत्याच वळल्या होत्या. नाना त्यांना गाठणार, पण आधी मास्तरांची माफी मागून यावं असं त्यांना वाटलं. पुस्तक घेऊन ते गल्लीत शिरले.

न्हाव्याचं दुकान रविवारचं बंद होतं, तो ओट्यावर बसला होता. "दुपारी वर आवाज झाला," तो म्हणाला. "म्हटलं मास्तरांकडे आज कोणीतरी येणार आहे, खुर्च्या सरकवत असतील."

दार लोटलेलंच होतं. मास्तर खिडकीशी खुर्चीजवळ खाली पडले होते, एक हात उशीच्या खुर्चीच्या पायाला धरून. टेबलावर दोन कप, दोन्ही उपडे. बाईंनी शिकवलं होतं तसंच नानांनी केलं. पुस्तक दिलं आणि हात धरला. हात काय सांगायचं ते सांगून बसला होता.

डॉक्टर म्हणाला, झटका मोठा नव्हता. दुपारी कुणी असतं तर. त्याने वाक्य तिथेच सोडलं. डॉक्टर लोकांना कुठे थांबायचं ते शिकवलेलं असतं.

बाईंना सांगायला नानाच गेले. पाळकसाहेब म्हणाले होते, मी सांगतो. नाना म्हणाले, नको. बाई घरात बिशपने दिलेली फुलं पाण्यात ठेवत होत्या. भाऊ गेला हे त्यांनी उभ्यानेच ऐकलं. मान ताठ होती.

"आज आला नव्हता का तो?" त्या म्हणाल्या. "पण टेबल तर रिकामं होतं."

नानांनी सगळं सांगितलं. बाजूचं दार, गुडघे, बाकावर ठेवायची सवय, मास्तरांचा निरोप, आपला हात आणि ती ताटं. काही राखलं नाही. सांगता सांगता ते रडायला लागले. "बाई, मला काय हवं ते म्हणा. पण ते वाट बघत होते. तुमची."

बाईंनी त्यांना ना शिव्या दिल्या, ना समजावलं. त्यांनी एवढंच विचारलं, "दाराला आतून कडी होती?"

"नाही बाई. नुसतं लोटलेलं."

"रोजच?"

"रोजचं मला काय ठाऊक? पण मी कधीही गेलो तर लोटलेलंच असायचं."

तेव्हा बाई खाली बसल्या. खुर्चीवर नाही, तिथेच फरशीवर, फुलांच्या बादलीशेजारी. शाळेतल्या कुठल्याही मुलीने त्यांना कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"चहाचं काय म्हणाला होता?"

"बिनसाखरेचाच घेते ना, असं विचारलं त्यांनी."

"साखर घेते रे मी आता," बाई म्हणाल्या. "कधीपासून घेते." आणि मग त्या रडल्या. नाना दाराकडे तोंड करून उभे राहिले.

पुढच्या रविवारी टेबलावर बटणाचं पुस्तक होतं. पाळकसाहेबांनी ते काढून ठेवायला सांगितलं होतं; नानांनी ऐकलं नाही, डाव्या कोपऱ्यात नीट मांडलं. गीत झालं, सगळ्यांनी आपापलं उचललेलं होतं, ते एकटं उरलं. उपासनेनंतर टेबलाजवळ कुणी फिरकेना. बाई पुढून चालत आल्या. आपसूकच लोक उठून उभे राहिले. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. पुस्तक उचललं आणि पायऱ्या उतरून गेल्या. दफनभूमी डावीकडे आहे. त्या उजवीकडे वळल्या, गल्लीत. न्हावी सांगतो, जिन्याचा आवाज फार सावकाश झाला, आणि वर गेल्यावर दार ढकलल्याचा आवाज यायला त्याहून वेळ लागला.

आता जमाखर्च मांडायचा तर असा. बिशपना योजना मिळाली, तिचं छापील पत्रक निघालं. धर्मप्रांतातल्या कितीतरी चर्चच्या दारात आज टेबलं आहेत, आणि त्यावर उरलेल्या पुस्तकांनी कुणाकुणाला वेळेवर गाठलंय. एका गावी न्हाणीघरात घसरलेली म्हातारी, दुसरीकडे दाराला बाहेरून कुलूप लावून कोंडून ठेवलेली सून. या सगळ्यांच्या खात्यावर जमाच जमा. बाई ठिकठिकाणी जाऊन शिकवतात, लोक उठून उभे राहतात. एक नियम त्यांनी नव्याने घातला आहे: पुस्तक ज्याचं त्यानेच टेबलावरून उचलायचं, दुसऱ्याने जागेवर नेऊन ठेवायचं नाही, दया म्हणूनसुद्धा नाही; आणि पायऱ्या झेपत नसतील तर टेबल सपाट दाराशी न्यायचं. का, ते कुणी विचारत नाही. आमचंही टेबल आता बाजूच्या दाराशी असतं.

खर्चाच्या बाजूला नावं थोडीच आहेत. नानांनी पुस्तकांना पुन्हा हात लावला नाही. ते घंटा वाजवतात आणि उपासना संपेपर्यंत आवारातच उभे राहतात. मास्तरांनी एक दुपार दिली, ती पुरी. आणि बाई लोकांना "बसा" म्हणतात, ते बसतात. मग त्या बॅगेतून बटणाचं पुस्तक काढून समोर ठेवतात आणि शिकवायला लागतात की उरलेलं पुस्तक घेऊन जायचं ते चहाच्या आत.